खाऱ्यावरची साय

देशावर विहिरीला पाणी लागले नाही की माणूस आणखी खोल जातो. सुरुंग लावतो, कातळ फोडतो, आणि तरी भागले नाही तर बोअरवाल्याला बोलावतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे पापडी, गास, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, वटार, राजोडी या गावांत, नेमके उलटे होते. इथे पाणी हाताशी होते, पण खोल जाणे धोक्याचे. विहीर रुंद असावी, उथळ असावी, आणि उपसा रात्रीत भरून निघेल एवढाच करावा. हावरेपणा केला की पाण्याची चव बदलायची आणि पहिली चाहूल केळीच्या पानांना लागायची.

वसईचा इतिहास सांगायचा म्हटले की किल्ला येतो, चिमाजी अप्पा येतात, किल्ल्यातून नेलेल्या आणि आज नाशिकच्या नारोशंकर मंदिरासारख्या ठिकाणी टांगलेल्या घंटा येतात. ते सगळे खरे आहे आणि पुरेसे सांगून झाले आहे. या भूमीचा दुसरा इतिहास जमिनीखाली घडला. शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात जी प्रकरणे मुळांपासून सुरू होऊन परिसंस्थेवर संपतात, जवळजवळ त्याच क्रमाने तो घडला. परासरण, बाष्पोच्छ्वास, क्षारसहिष्णुता, अनुक्रमण हे शब्द वसईतल्या कुणबाऊ माणसाने बहुधा कधी उच्चारले नसतील. त्याच्या वाड्या मात्र त्यांच्याच जोरावर उभ्या होत्या आणि त्यांच्यामुळेच खचल्या.

आधी जमीन कशी आहे ते पाहू. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला उल्हास नदी जिथे समुद्राला मिळते ती वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर, आणि डोंगर व किनारा यांच्यामध्ये सखल दलदल. पोर्तुगीजांच्या काळात किनाऱ्याकडचा भाग बेटच समजला जाई. सोपाऱ्याकडून वळसा घेणाऱ्या खाडीने तो मुख्य भूमीपासून तोडलेला होता. ज्या सोपाऱ्यात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरून काढला, ते प्राचीन बंदर गाळाने भरत गेले ते याच खाड्यांच्या चाळ्यांमुळे. म्हणजे चहूकडे खारे पाणी आणि मधे वाळूच्या जुन्या दांड्यांनी व गाळाने बनलेली सपाट जमीन. तिच्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो.

हा पाऊस वाळूत मुरतो आणि खाली आधीच असलेल्या खाऱ्या पाण्यावर साचतो. गोडे पाणी हलके. समुद्राचे पाणी लिटरमागे सुमारे २५ ग्रॅमने जड. त्यामुळे गोडे पाणी खाऱ्यात चटकन मिसळत नाही, दुधावर साय धरावी तसे वर तरंगत राहते. या सायीचे गणित मांडले डच लष्करी अभियंता बाडोन खाइबेन याने १८८८-८९ च्या सुमारास, आणि त्याच्या कामाची माहिती नसताना जर्मनीच्या हेर्त्सबेर्गने १९०१ मध्ये. भूजलाची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ मीटर वर असेल तर खाली सुमारे ४० मीटर गोडे पाणी उभे राहू शकते. ऐकायला हे वरदान वाटते, पण गणित दोन्ही दिशांनी चालते. पातळी १ मीटर खाली आली तर खालचे खारे पाणी, सूत्राच्या हिशोबाने, ४० मीटर वर सरकते. प्रत्यक्षात माती, खडक आणि वेळ यांमुळे आकडे इतके काटेकोर येत नाहीत. दिशा मात्र तीच राहते.

वसईकरांनी हे सूत्र वाचले नव्हते. त्यांनी बावखले खणली होती.

बावखल म्हणजे गावातले, वाडीच्या कडेचे किंवा वाड्यांच्या मधले पावसाचे पाणी साठवणारे तळे. फारसे खोल नाही, बांधीव नाही, काठावर नारळ, भेंड, कुठे आंबा. पावसात ते तुडुंब भरायचे आणि मग महिनोन्‌महिने हळूहळू जमिनीत उतरायचे. म्हशी डुंबायच्या, पोरे पोहायला शिकायची, गावकी माशांचा हिशोब करायची. पण त्याचे खरे काम डोळ्यांना दिसत नव्हते. शेजारच्या विहिरीखालची गोड्या पाण्याची पातळी वर धरून ठेवायची आणि समुद्राला आत येऊ द्यायचे नाही, हे ते काम. आज जलतज्ज्ञ भूजल पुनर्भरणाचे आराखडे काढतात आणि अनुदान मागतात. वसईच्या गावागावांत ही व्यवस्था फुकट चालू होती. ती बहुधा आखणीतून नव्हे, सवयीतून आली असावी. भरावाला माती लागली म्हणून खड्डा खणला, त्यात पाणी राहिले, आणि शेजारच्या विहिरीचे पाणी चांगले राहते हे कुणाच्या तरी लक्षात आले. हा माझा तर्क आहे.

वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ पर्यंत त्यांच्याकडे राहिली. या दोनशे वर्षांत इथल्या वनस्पतींची यादी बदलली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर अननस, पेरू, पपई, काजू, मिरची आली. त्यांतली कोणती वसईच्या कोणत्या वाडीत आधी रुजली हे सांगता येणार नाही, पण आज वसईच्या जेवणातून मिरची काढून बघावी म्हणजे त्या बदलाची खोली कळते.

त्याहून जुनी आणि माझ्या मते मोठी गोष्ट म्हणजे खाजणे. भरतीचे पाणी जिथे पसरते अशा चिखलाला मातीचा बांध घालायचा, बांधात उघडझाप करता येणारे दार ठेवायचे, ओहोटीला आतले पाणी सोडायचे आणि भरतीला दार बंद. उत्तर कोकणात अशा बांधून काढलेल्या जमिनींना शिलोत्री म्हणत आणि त्यांच्या महसुलाचे नियमही वेगळे होते. बांध घातला म्हणून लगेच भात होत नाही. मातीत मीठ असते. ते धुऊन काढायचे काम पावसाचे. पहिले जोरदार पाऊस मातीतले मीठ विरघळवून खाली आणि बाहेर नेतात, मग चिखलात मोड आणलेले बी फेकायचे. तेही खाऱ्या जमिनीत तग धरणारे, जाड, तांबूस दाण्याचे भात. पाऊस उशिरा आला किंवा मधेच दडी मारली तर मीठ पुन्हा वर येते. उन्हाने पृष्ठभागावरचे पाणी उडते, खालचे पाणी मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून वर चढते आणि मीठ वर टाकून हवेत जाते. चैत्र-वैशाखात खाजणावर जो पांढरा थर दिसतो तो हाच.

रोपाला मीठ नेमके काय करते? पाठ्यपुस्तकात बेदाण्यांचा प्रयोग असतो. साध्या पाण्यात टाकलेला बेदाणा फुगतो, तोच फुगलेला बेदाणा दाट मिठाच्या पाण्यात टाकला तर सुरकुततो. पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पडद्यातून सरकते. या सरकण्याचा, म्हणजे परासरणाचा, पद्धतशीर अभ्यास फ्रेंच शास्त्रज्ञ द्युत्रोशे याने १८२० च्या दशकात केला. मूळरोमाच्या पेशीतला रस सर्वसाधारणपणे मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून पाणी आपोआप आत येते. मातीतलेच पाणी दाट झाले तर हा उतार नाहीसा होतो. शेतात घोट्याएवढे पाणी साचलेले आणि रोप मात्र तहानेने मरते आहे असे दृश्य त्यातून तयार होते. यालाच शारीरक्रियात्मक कोरडेपणा म्हणतात. जड शब्द आहे, पण खाजणातल्या शेतकऱ्याला समजवायला लागत नाही.

मुळांनी पाणी घेतले तरी ते वर चढवायचे कोणी? याचा पहिला मोजून शोध घेतला इंग्लंडमधल्या टेडिंग्टनचा धर्मगुरू स्टीफन हेल्स याने. कुंडीतले सूर्यफूल तो रोज तोलायचा आणि त्याच्या पानांतून दिवसाला अर्ध्या किलोहून अधिक पाणी उडून जाते हे त्याने दाखवले. त्याचे पुस्तक १७२७ मध्ये आले. वसईत तेव्हा पोर्तुगीज अंमल अखेरची बारा वर्षे मोजत होता. पानांतून पाणी उडते, हाच बाष्पोच्छ्वास; त्या ओढीने खोडातल्या जलवाहिन्यांतली पाण्याची अखंड धार वर ताणली जाते, आणि त्या ताणाने मुळे मातीतून पाणी ओढतात. झाडात पंप नाही. वरचा ताण आहे. हा ताण मातीतल्या पाण्याच्या ओढीपेक्षा जास्त असेल तोवर झाड जगते.

आता केळ घ्या. माणसाएवढी लांब, रुंद पाने, मऊ, पाण्याने भरलेले आभासी खोड, उथळ मुळे. पाणी उडवायला एवढा मोठा पसारा आणि पाणी शोधायला वरची थोडीशीच माती. असे पीक वर्षभर, थोडे थोडे, पण न चुकता गोडे पाणी मागते. वसईच्या वाडीने ते दिले, म्हणून इथे केळ रमली. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये इथल्या केळींच्या जाती नावांनिशी येतात: बसराई, मुठेळी, तांबडी, राजेळी, लोखंडी, सोनकेळी. केळीच्या सोबतीला पानवेली, सुपारी, नारळ, भाजी, ऊस, पुढे मोगरा आणि चाफा. पानवेलीला सावली हवी, दमट हवा हवी, आधाराला झाड हवे. महाराष्ट्रातल्या पानमळ्यांत त्यासाठी पांगारा, शेवरी, हादगा लावतात. ही सगळी शेंगावर्गातली झाडे. मुळांवरच्या गाठींत जिवाणू पाळून हवेतला नायट्रोजन जमिनीत आणणारी. आधार आणि खत एकाच झाडातून.

पाणी काढायचे साधन रहाट. विहिरीवर लाकडी चाक, चाकावरून लोट्यांची माळ, आणि गोल फिरणारा रेडा किंवा बैल. पाणी पाटातून दांडात, दांडातून आळ्यात. रहाट संथ होता आणि जनावर दमत होते. वसईच्या भूजलाचा खरा रक्षक तो दमणारा रेडा होता असे मी म्हणेन. विहिरीत जेवढे पाणी झिरपे त्याहून फार जास्त तो उपसूच शकत नव्हता. संध्याकाळी जनावर सुटले की विहीर रात्रभर भरत राही आणि खालची साय हलत नसे.

रेल्वेने या वाडीला बाजार दिला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅक बे स्थानकापर्यंत पहिली लोकल धावली. १९३६ मध्ये विजेवरची गाडी विरारपर्यंत पोचली. भाजीच्या टोपल्या, केळीचे घड, दुधाचे हंडे, फुलांचे करंडे पहाटेच्या गाडीने मुंबईला जाऊ लागले. सामवेदी कुपारी, वाडवळ, भंडारी, माळी अशा अनेक समाजांची घरे या वाड्यांवर उभी राहिली. कोणी चर्चमध्ये जाणारे, कोणी निर्मळच्या यात्रेला जाणारे. पाटाच्या पाळीवरून भांडणारे मात्र सगळेच.

या काळाची सर्वांत शहाणी वस्तू सुकेळी. राजेळी केळी अढीत घालून, धुरी देऊन पिकवायच्या, सोलायच्या, उन्हात काही दिवस वाळवायच्या आणि केळीच्याच सुक्या पानांत बांधून ठेवायच्या. धुराने केळे का पिकते? धुरात इथिलीन नावाचा वायू असतो, आणि पिकणारे फळ स्वतःही तोच वायू सोडते; फळातूनच तो निघतो हे इंग्लंडमध्ये गेन याने १९३४ मध्ये दाखवले. इथिलीनच्या इशाऱ्यावर फळातल्या पिष्टाची साखर होते. उन्हात पाणी उडाले की साखर दाट होते, आणि मग त्यावर बसलेल्या बुरशीचे व जिवाणूंचे पाणी साखरेकडे ओढले जाते. ते वाढू शकत नाहीत, सुकेळी महिनोन्‌महिने टिकते. खाजणातल्या भाताला जे मीठ मारते आणि आगाशीच्या सुकेळीला जी साखर जपते, त्यामागचा नियम एकच आहे. विद्यार्थ्यांना परासरण शिकवताना बेदाण्याऐवजी सुकेळी वापरायला हरकत नाही. निदान प्रयोगानंतर काहीतरी खायला उरेल.

खाडीच्या काठी मात्र दुसरेच वनस्पतीशास्त्र चालू होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले स्विस जेझुइट फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात मुंबई इलाख्यातल्या खारफुटीवर आणि तिच्या जीवनपद्धतीवर लेख लिहिला. त्या काळी खारफुटी म्हणजे सरपण आणि गुरांचा चारा एवढेच सरकार-दरबारी समजले जाई. ब्लॅटर यांना त्यात अभ्यासाचा विषय दिसला.

या खारफुटीतले तिवराचे झाड समुद्राच्या पाण्यात उभे असते, ज्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ आहे. केळ तिथे एक आठवडा टिकणार नाही. तिवराची मुळे पाणी आत घेताना बहुतेक मीठ बाहेरच अडवतात. जे थोडे आत येते ते पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकले जाते. ओहोटीच्या वेळी तिवराचे पान जिभेला लावले तर खारट लागते, उन्हात त्यावर मिठाचे बारीक कण दिसतात. चिखलात हवा नसते म्हणून मुळांची टोके पेन्सिलीसारखी वर येऊन श्वास घेतात. आणि पाणी ओढायचा ताण? समुद्राच्या पाण्याची ओढ सुमारे २५ वातावरण दाबाइतकी असते. १९६५ मध्ये शोलांडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फांद्या दाबाच्या भांड्यात घालून मोजले, तेव्हा खारफुटीच्या जलवाहिन्यांतला ताण त्याहूनही जास्त, ३० वातावरणांच्या पुढे निघाला. तिवर जगते ते हा ताण सोसू शकते म्हणून. वसईच्या खाडीकाठचे तिवर आणि आतल्या वाडीतली केळ यांच्यात हा फरक होता, आणि दोघांच्या मधली सीमा गोड्या पाण्याच्या सायीने आखलेली होती.

ती सीमा हलली तीन टप्प्यांत. पहिला टप्पा पंपाचा. तेलावरची इंजिने आली, मग विजेचे पंप. रेडा दमत होता, पंप दमत नाही. तरीही उपसलेले पाणी वाडीतच मुरत होते, त्यामुळे नुकसान मर्यादित राहिले. दुसरा टप्पा मुंबईचा. जागेचे भाव वाढले, लोकलने चर्चगेट गाठता येत होते, आणि १९७०-८० च्या दशकांत रेल्वेच्या दोन्ही बाजूंना इमारती उठू लागल्या. इमारती आधी आल्या, नळ आला नाही. तिसरा टप्पा त्यातून निघाला: टँकर.

नव्या इमारतींना पाणी हवे होते आणि ते पश्चिमेच्या वाड्यांतल्या विहिरींत होते. विहिरीवर पंप लावायचा, दिवसरात्र टँकर भरायचे, रोख पैसे घ्यायचे. ज्याने विहीर दिली त्याला केळीपेक्षा पाण्यात जास्त मिळाले, आणि दोष एकट्या त्याला देणे सोपे असले तरी पुरेसे नाही. भाजीला भाव नव्हता, मुले नोकरीला मुंबईत होती, आणि पाणी मागणाराही कुठल्यातरी गावातून इथे पोट भरायला आलेला होता. पण त्या विहिरीतून निघणारे पाणी परत जमिनीत जात नव्हते. ते इमारतीच्या नळातून गटारात आणि गटारातून खाडीत चालले होते. विहिरीभोवती पातळी उलट्या शंकूसारखी खचायची आणि खालून खाऱ्याचा शंकू वर चढायचा. त्यासाठी फार मिसळ लागत नाही. समुद्राच्या पाण्याचे २ टक्के जरी विहिरीत आले तरी लिटरमागे ७०० मिलीग्रॅम क्षार वाढतात. पिण्याच्या पाण्यात एकूण क्षारांची इष्ट मर्यादा ५०० आहे. एकाच्या विहिरीतल्या उपशाने शेजाऱ्याची विहीर बिघडते, हे तर त्याहून वाईट. जमिनीखाली सातबाऱ्याच्या हद्दी नसतात.

वाडीतली चिन्हे ठरावीक होती. आधी केळीच्या जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडून करपायच्या, कारण पाण्याबरोबर आलेला सोडियम आणि क्लोराइड पाणी उडाल्यावर पानाच्या कडेलाच साचतो. मग घड लहान. पानवेल तर त्याहून नाजूक. सोडियमने चिकणमातीची बांधणीही मोडते. कण सुटे होतात, माती ओली असता चिकट आणि वाळता दगड होते, मुळांना हवा मिळत नाही. म्हणजे खारे पाणी झाडाला दोनदा मारते, एकदा पाण्यातून आणि एकदा मातीतून.

१९८० च्या दशकाच्या शेवटी सरकारने हरित पट्ट्यातली मोठी जमीन बांधकामाला खुली करण्याचे धोरण घेतले, आणि वसईत लढा उभा राहिला. हरित वसई संरक्षण समितीचे नेतृत्व केले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी. ते नंदाखालचे, वाडीत वाढलेले, बायबलचे भाषांतर करणारे, 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादक, आणि पुढे २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. आज त्यांना साहित्यिक म्हणून ओळखणारे पुष्कळ आहेत. वसईतल्या एका पिढीला ते मोर्चाच्या पुढे चालणारे म्हणून आठवतात. बिल्डर, टँकर आणि राजकारण यांची युती झालेल्या गावात पाण्याबद्दल बोलणे हे तेव्हा जिवाला घोर लावणारे काम होते.

या चळवळीचे एक वैशिष्ट्य मला फार महत्त्वाचे वाटते. तिने झाडे वाचवा एवढेच म्हटले नाही. विहीर, बावखल, केळ, भाषा, सण आणि गाव यांना एकाच दोरीत ओवून तिने प्रश्न मांडला. इंग्लंडच्या टॅन्सलेने १९३५ मध्ये सजीव आणि त्यांचा निर्जीव परिसर यांची मिळून एक व्यवस्था मानावी असे सुचवले, तेव्हापासून परिसंस्था ही कल्पना शास्त्रात रूढ झाली. टॅन्सलेने त्यात गावकीची भांडणे धरली नव्हती. वसईत ती धरल्याशिवाय चालले नसते, कारण इथे भूजलाची पातळी पावसाइतकीच मोर्चावर आणि मतपेटीवर अवलंबून होती.

१९९० मध्ये सिडको वसई-विरार उपप्रदेशाची विशेष नियोजन प्राधिकरण झाली. बांधकाम थांबले नाही, पण हरित पट्ट्यावर काही मर्यादा टिकल्या, आणि आजही पश्चिमेला रस्त्याने जाताना जे हिरवे दिसते त्यात त्या आंदोलनाचा वाटा मोठा आहे. २००९ मध्ये चार नगरपालिका आणि ५३ गावे मिळून महानगरपालिका झाली. गावे वगळावीत म्हणून पुन्हा आंदोलन झाले, ती लढाई न्यायालयात अनेक वर्षे रेंगाळली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार होती. पेल्हार, उसगाव या धरणांच्या जोडीला सूर्या प्रकल्पाचे पाणी आले आणि टँकरचा भार हलका झाला, संपला नाही. सूर्याच्या पाण्याची दुसरी बाजू अशी की सूर्याचे धरण डहाणू, पालघर भागातल्या सिंचनासाठी बांधले होते. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी शहराकडे वळवलेल्या पाण्याला विरोध केला. वसईची साय वाचवायची तर दुसऱ्याच्या शेताचे पाणी घ्यायचे, हा हिशोब परिसंस्थेच्या कुठल्याच आकृतीत मावत नाही.

बावखले मात्र गेली. अनेक बावखले सामाईक मालकीची. वारस वाढले, वाटण्या झाल्या, आणि पाणी भरलेल्या खड्ड्यापेक्षा भरलेला प्लॉट जास्त किमतीचा ठरला. डेब्रिज टाकून ती बुजवली गेली. काही गावांत तरुण मंडळी उरलेल्या बावखलांतला गाळ आणि जलपर्णी काढतात. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर पोसते आणि पाण्यावर झाकण घालते, त्याखाली प्राणवायू संपून मासे मरतात. म्हणजे गाळ काढून भागत नाही, सांडपाणी अडवावे लागते.

पूर्वेच्या बाजूला बुजवणे आणखी मोठे झाले. नायगाव, उमेळे, जूचंद्र या भागातली मिठागरे आणि सखल खाजणे ही पुराचे पाणी पसरायची जागा होती. तुंगारेश्वरवर पडलेला पाऊस नाल्यांतून खाली येतो. समुद्राला भरती असेल तर त्याला काही तास कुठेतरी थांबावे लागते. २००३ मध्ये तुंगारेश्वरला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि डोंगरावरचे जंगल कागदावर तरी सुरक्षित झाले, पण डोंगर आणि समुद्र यांच्या मधली ही थांबायची जागा कोणाच्याच यादीत नव्हती. तिथे भराव पडला. जुलै २०१८ मध्ये पाणी तुंबले, मिठागरांतले कामगार अडकले, रेल्वे बंद पडली, आणि १० जुलैला नालासोपाऱ्याजवळ थांबलेल्या वडोदरा एक्स्प्रेसमधून प्रवाशांना एनडीआरएफच्या जवानांनी बाहेर काढले. बातम्यांत तो पावसाचा कहर होता. पाऊस नेहमीपेक्षा जास्त होताच, पण पाण्याच्या बसण्याच्या जागेवर आता माणसे बसली होती.

आणि खाजणे. भातशेती परवडेना, बांधाची डागडुजी करायला माणसे मिळेनात, दारे कुजली. बांध फुटला की पहिल्याच वर्षी भरतीचे पाणी शेतात फिरते आणि त्याबरोबर तिवराच्या बिया येतात. तिवराचे बी झाडावर असतानाच अंकुरलेले असते. चिखल मिळताच काही दिवसांत मूळ धरते. चार-सहा वर्षांत शेताच्या जागी डोक्याएवढी खारफुटी. पाठ्यपुस्तकात याला अनुक्रमण म्हणतात. पर्यावरणाच्या दृष्टीने ही कमाईच: मासळीची पिल्ले वाढतात, लाटा अडतात, चिखलात कार्बन साठतो, भुईगावसारख्या ठिकाणी हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात.

पण ६ ऑक्टोबर २००५ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने राज्यात खारफुटी तोडायला बंदी आली आणि तिच्या भोवतीच्या ५० मीटरांत बांधकामालाही. आदेश आवश्यक होता. तो नसता तर मुंबईभोवतीची उरलीसुरली कांदळवने भरावाखाली गेली असती, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने तोच दृष्टिकोन पुन्हा पक्का केला. अडचण खाजणाच्या मालकाची. त्याच्या आज्याने बांध घालून समुद्राकडून घेतलेली जमीन समुद्राने परत घेतली, आणि आता तिच्यावरची खारफुटी तोडून पुन्हा भात लावायला त्याला कायद्याने मनाई आहे. खारभूमी विकासाचा राज्याचा १९७९ चा कायदा बांध दुरुस्त करायला सांगतो, कांदळवनाचे संरक्षण तिथे हात लावू देत नाही. दोन्ही कायदे आपापल्या जागी योग्य. तहसील कचेरीत गेला तर त्याच्या सातबाऱ्यावर पीक म्हणून अजून भात लिहिलेले असते, आणि उपग्रहाच्या नकाशावर तीच जमीन गडद हिरवे कांदळवन म्हणून दिसते.